सहादाती लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉपची जोडी आहे. त्यातला एक सहादाती आहे आणि दुसरा दावणीला बांधल्याशिवाय उभा राहत नाही.

हे वाक्य मी एकदा आमच्या राजश्रीच्या कॉलेजात तिच्या सरांसमोर अगदी सहज बोलून गेलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की आपण नेमके काय काम करता. राजश्रीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून पालकसभेला तिची आई जाते.

पण त्यात खोटं काय होतं? सगळं पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

राजश्रीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तोही कॉम्प्युटरच्या शाखेला. पेढे वाटून झाले आणि महानंदानं (ही माझी बायको, घरातली अर्थ, गृह आणि संरक्षण ही तिन्ही खाती तिच्याकडे, माझ्याकडे फक्त पाणीपुरवठा, तोही सोलापूरचा, म्हणजे चार दिवसांआड!) भिशीचे तीस हजार माझ्यापुढं ठेवले.

"यात लॅपटॉप आणायचा आणि तो चार वर्षं टिकला पाहिजे," ती म्हणाली. "दुसरा मिळणार नाही. तिलाही सांगितलंय, तुम्हालाही सांगते."

बारावीचा अख्खा अभ्यास राजश्रीनं माझ्या तडकलेल्या मोबाईलवर केला होता. त्या तड्यामुळं रसायनशास्त्राची निम्मी समीकरणं तिला कळलीच नाहीत, असं ती अजून म्हणते. (काच माझ्या हातून फुटली होती. मिक्सरचं भांडं, कुकरची शिट्टी आणि बाथरूमचा नळ हेही माझ्याच हातून. पण ते विषय वेगळे.) तिचं म्हणणं एवढंच होतं, की कसलाही आणा, फक्त मधेच दगा देणारा नको.

मी छाती पुढं काढली. कारण टिकाऊपणा या विषयात सोलापूर जिल्ह्यात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे. रोज शेकडो टॉवेल माझ्या हाताखालून जातात. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग सुटतो का बघायचं, उजेडाला धरून वीण बघायची, आणि शेवटी दोन कोपरे दोन हातांत धरून असा हिसका द्यायचा की कच्चा माल जागेवर आई गं म्हणतो! माझ्या हिसक्यातून सुटलेला टॉवेल तीन पिढ्यांचं अंग पुसतो. असा माणूस लॅपटॉप घ्यायला निघाल्यावर काळजी ती कसली?

तरी मी गाफील राहिलो नाही. पंधरा दिवस मोबाईलवर (त्याच, तडकलेल्या) लॅपटॉपचे व्हिडिओ बघितले. दोनशे पानी वही केली. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, सगळं लाल-निळ्या शाईत उतरवलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला मी रोज एक धडा शिकवायचो. आठव्या दिवशी तो बस सोडून मोटारसायकलनं यायला लागला.

मग एका रविवारी मी आणि राजश्री शहरातल्या मोठ्या एसी शोरूममध्ये गेलो. तीस हजारांत काय मिळेल, म्हणून विचारलं. टाय लावलेल्या पोरानं एक लॅपटॉप पुढं केला. वजनाला पापडासारखा! मी आधी खिशातला रुमाल पाण्याच्या बाटलीनं भिजवला आणि झाकणावर खसाखसा घासला. पोरगं म्हणालं, काका, पाणी नका लावू. मी म्हटलं, रंग सुटतोय का बघतोय. मग मी लॅपटॉप उचलून ट्यूबलाइटच्या उजेडाला धरला. वीण कुठंच दिसली नाही. आता राहिला हिसका. मी झाकण उघडलं, स्क्रीनचे दोन कोपरे दोन हातांत धरले, आणि...

"पप्पा, सोडा!"

राजश्रीनं एक मनगट धरलं, टायवाल्यानं दुसरं, आणि दारातला सुरक्षारक्षक माझ्या पोटाला मिठी मारून उभा राहिला. एसी शोरूममध्ये इतक्या प्रेमानं मला कोणी कधी धरलं नव्हतं. लॅपटॉपनं 'कुर्र' असा आवाज केला होता, तो मी एकट्यानंच ऐकला, आणि कोणाला सांगितला नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. पण माझा निष्कर्ष पक्का झाला. तीस हजारांतला नवा लॅपटॉप म्हणजे कच्चा माल. पहिल्या धुण्यात जाणार.

घरी आलो तर सोफ्यावर मामा बसलेले. मामा म्हणजे माझे सासरे, सिद्रामप्पा, मंद्रूपचे. डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल (आमच्याच कारखान्याचा, सेकंडचा, मी जावईपणाच्या पहिल्या वर्षी दिलेला, अजून टिकून आहे, बघा!). या माणसानं चाळीस वर्षं बैलबाजारात काढली. स्वतःसाठी बैल दोनच घेतले, पण गावोगावचे लोक त्यांना सोबत न्यायचे, कारण मामांनी हात फिरवला की बैल आपलं सगळं खरं सांगून मोकळा होतो, अशी ख्याती.

माझी आणि मामांची एकच अडचण, ती म्हणजे भाषा. मी माढ्याकडचा. आमच्याकडं कानडी म्हणजे विठ्ठलाला म्हणतात तेवढंच माहीत. कर्नाटकच्या सीमेजवळच्या मंद्रूपला मात्र माणूस मराठीत जेवायला बसतो आणि कानडीत हात धुवायला उठतो. वीस वर्षं मी त्या घरचा जावई, पण मला कानडीतलं एकच वाक्य येतं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. ते मी लग्नात बोललो, बारशात बोललो, आणि एकदा चुकून एका मयतीलाही बोललो. बाकी वेळी ते सगळे कानडीत बोलू लागले की मी सगळं समजल्यासारखा मान हलवतो. राजश्री आजोळी वाढली, तिला सगळं कळतं. ती माझ्या हलत्या मानेकडं बघते आणि हसू दाबते.

मामांनी शोरूमची हकीकत शांतपणे ऐकली. मग तंबाखू मळत म्हणाले, "तीस हजारात नवा घिऊन काय करायचाय, जावईबापू? तेवढ्यात गोऱ्हं येतं. दिसायला देखणं, पर जू ठेवलं की बसतं. कामाला लागलेला घ्यावा. चार वर्सं कुणाच्यातरी दावणीला राबलेला. जो मोडायचा त्यो तवाच मोडला असता की."

मी वही उघडली. प्रोसेसरच्या पिढ्या कशा असतात ते लाल शाईतलं वाचून दाखवलं. मामांनी पानभर ऐकून घेतलं.

"दात किती त्याला?" त्यांनी विचारलं.

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मल्लिनाथच्या दुकानात. बसस्टँडच्या मागच्या बोळात त्याचं जुन्या लॅपटॉपचं दुकान. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी काढून टाकतात, ते हा आणून दुरुस्त करून विकतो. पोरगा तिशीचा, कपाळाला विभूती, बोलायला गोड. पावसाळा निम्मा सरला तरी ऊन असं, की दुकानातला एकुलता एक पंखा त्यानं लॅपटॉपांच्या दिशेनं फिरवून ठेवला होता. गिऱ्हाईकं घाम पुसत उभी.

मल्लिनाथनं दहा-बारा लॅपटॉप मांडले. मामांनी चप्पल बाहेर काढली आणि रांगेसमोरून एक चक्कर मारली, कुणालाच हात न लावता. मग पहिल्याचं झाकण उघडलं आणि कळांवर वाकले.

दातांचं असं असतं. बैलाला पक्के दात जोडीजोडीनं येतात. दोनदाती म्हणजे कोवळा, चारदाती म्हणजे कामाला लागलेला, सहादाती म्हणजे ऐन उमेदीतला, आणि आठही जुळून झिजायला लागले की उतरणीला लागला. मामांनी लॅपटॉपचे दात म्हणजे त्याच्या कळा धरल्या. कुठली किती घासलीय, अक्षर पुसलंय की शाबूत आहे, बोटानं दाबली तर लगेच वर येते की आळस करते, हे सगळं बघायचे आणि वय सांगायचे. मी हसणार होतो. पण मल्लिनाथनं यंत्राच्या पोटावरचं लेबल वाचलं, आणि मामांनी सांगितलेलं वय एका वर्षानंही चुकलेलं नव्हतं! मी दोनशे पानी वही शर्टाच्या आत सरकवली.

एकाच्या झाकणावर कुठल्याशा स्टिकरचा गोल डाग होता. मामा म्हणाले, बैलाच्या केसांत असतो तसा हा भोवरा वाईट जागी आहे, बाजूला ठेव. (मल्लिनाथनं तो मुकाट बाजूला ठेवला. त्याला पाणी लागलेलं होतं, हे त्यानं नंतर कबूल केलं.) एकाची बिजागरी त्यांनी वीस वेळा उघडमीट केली आणि कान लावून म्हणाले, गुडघा वाजतोय. शेवटी करड्या रंगाचा एक जाडजूड गडी त्यांनी उचलला, पालथा केला आणि गदागदा हलवला. कळांच्या फटींतून बिस्किटाचा मूठभर चुरा पडला.

"मागचा मालक चांगला व्हता," मामा समाधानानं म्हणाले. "खायला घालून काम करून घ्यायचा."

मग त्याला नांगराला जुंपला. राजश्रीला सांगितलं, तुझं जेवढं काय असेल तेवढं सगळं एकदम चालू कर. तिनं दोन व्हिडिओ, एक प्रोग्रॅम आणि आणखी पंचवीस खिडक्या उघडल्या. मामांनी चहा मागवला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश पिऊन झाल्यावर त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात घातला, मग कान लावून पंखा ऐकला.

"धाप न्हाय," ते म्हणाले. "अंगबी लई तापलं न्हाय. सहादाती हाय. पोरी, तुजं काम ह्यो वढील."

राजश्रीचा चेहरा मी बघितला. तिनं त्या करड्या लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवला, अगदी मामांसारखाच. आता राहिला भाव. वर चिठ्ठी होती अठ्ठावीस हजारांची.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून फडकं टाकतात, आणि फडक्याखाली बोटं दाबून बोलतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन. हजार की दहा हजार, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. बघणाऱ्याला काही कळत नाही. दोघं आपले आकाशाकडं बघत पाऊसपाण्याचं बोलत असतात. मला वाटलं, मल्लिनाथ घाबरून मागं सरकेल. पण त्यानं टॉवेल बघितला, काउंटरच्या बाहेर आला आणि बाह्या वर केल्या. त्याचे आजोबाही त्याच बाजारातले निघाले! दोघं कानडीत असे सुटले की विचारू नका. मी जोरजोरात मान हलवली.

टॉवेलाखाली बराच वेळ उलथापालथ चालली. वर दोघांचे चेहरे एवढे निर्विकार, की फोटोला बसल्यासारखे. भाव नक्की उतरत होता, कारण मल्लिनाथच्या कपाळावरची विभूती घामानं खाली येऊ लागली होती. आणि नेमका तेव्हाच मामांचा फोन वाजला. सासूबाई! सासूबाईंचा फोन पहिल्या रिंगला उचलला नाही तर काय होतं, हे मंद्रूपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

"जावईबापू, हितं या," मामा म्हणाले. "माज्या जागी हात धरा. सोडायचा न्हाय, सोडला की सौदा मोडला. आन दाबायचाबी न्हाय. नुसता धरा. ह्यो आलोच."

आणि ते बाहेर गेले.

मी टॉवेलाखाली हात घातला. आता माझ्या तळहाताला मुळात घाम फार. त्यात ते ऊन, त्यात तो लॅपटॉपांकडं तोंड केलेला पंखा. मिनिटभरात मल्लिनाथचा हात माझ्या मुठीतून साबणाच्या वडीसारखा सटकायला लागला. सोडला की सौदा मोडला! माझ्या डोळ्यांपुढं राजश्री उभी राहिली, तडकलेल्या मोबाईलवर चार वर्षं इंजिनिअरिंग करणारी. मी मागचापुढचा विचार केला नाही. दुसरा हातही टॉवेलाखाली खुपसला आणि मल्लिनाथचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला.

मल्लिनाथच्या भुवया वर गेल्या. त्यानं माझ्याकडं नव्या आदरानं बघितलं. थोडा विचार केला. मग त्यानं माझी आधी दोन बोटं दाबली, मग जरा थांबून पाच, मग चार.

मी मनातल्या मनात बेरीज केली. दोन आणि पाच सात, सात आणि चार अकरा. अकरा हजार! अठ्ठावीसवरून अकरा! मामांनी अर्धा तास घासून जे जमलं नाही ते मी दोन मिनिटांत, तेही एक शब्द न बोलता! तरी मी लगेच हो म्हटलं नाही. भाव खाल्ला. छताकडं बघितलं, पाऊसपाण्याचं काहीतरी पुटपुटलो, आणि मग राजासारखी मान हलवली. मल्लिनाथनं खुशीत माझे दोन्ही हात हलवले. सौदा झाला!

मामा आत आले. मी टॉवेल घडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि जरा मोठ्यानंच, दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं, "मामा, अकरात बसवला."



"काका, अकरा कुठले?" मल्लिनाथ म्हणाला. "एकोणतीस झाले की. आधी दोन दाबली ते वीस, मग पाच आणि चार ते नऊ. आणि जोडीचे."

"कसली जोडी?"

"तुम्ही दोन्ही हात घातले ना. दोन्ही हात घातले म्हणजे जोडीचा भाव बोल, असं असतंय बाजारात." आणि त्यानं खालच्या कप्प्यातून त्याच जातीचा, त्याच बांध्याचा, पण काळ्या रंगाचा दुसरा लॅपटॉप काढला. म्हणाला, याची बॅटरी गेलीय, चार्जर लावून ठेवला तरच चालतो, म्हणून तर एवढ्यात दिला.

एकटा करडा मामांनी बावीसवर आणून ठेवला होता. उरलेल्या आठ हजारांत राजश्रीची पुस्तकं आणि चष्मा बसणार होता, हे महानंदानं कागदावर लिहून दिलं होतं. आता हातात काय, तर एक हजार रुपये आणि एक लंगडा लॅपटॉप! मी मामांकडं बघितलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मल्लिनाथनं सौदा मोडला असता, हे मलाही कळत होतं.

मघाशी लॅपटॉपांकडं बघत होते तसं मामांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. सावकाश. मग मल्लिनाथला कानडीत एक वाक्य बोलले. मल्लिनाथ एवढा हसला की त्याला काउंटर धरावा लागला. राजश्रीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी सवयीनं मान हलवली.

"काय म्हणाले गं आज्जा?" मी तिला हळूच विचारलं.

"काही नाही पप्पा," ती भिंतीशीच बोलली. "शब्द पाळायचा म्हणतायत."

केवढा मोठा माणूस, मला वाटलं. जावयाच्या चुकीचा शब्दही पाळतो!

घरी महानंदानं दार उघडलं. माझ्या एका काखेत करडा, दुसऱ्या काखेत काळा. तिनं दोन्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एक सांगितला होता," ती म्हणाली.

मी मामांच्या मागं लपलो. मामांनी तिला स्वयंपाकघरात नेऊन कानडीत काहीतरी सांगितलं. आतून हसू ऐकू आलं. मग ती बाहेर आली, मला पाण्याचा तांब्या दिला आणि थंडपणे कळवलं की चष्म्याचे आणि पुस्तकांचे पैसे मी रविवारच्या ओव्हरटाइममधून आणायचे आहेत. तीन महिने मी रविवारी टॉवेल ओढले. त्या काळातला माल आमच्या कारखान्याच्या इतिहासात सगळ्यात पक्का निघाला, कारण प्रत्येक हिसक्यात मनस्ताप होता!

मामांनी जाताना जोडीची नावं ठेवली, करडा तो कोशा आणि काळा तो काळ्या. कोशा राजश्रीबरोबर कॉलेजात जायचा. पिशवीला पैसे उरलेच नव्हते, म्हणून महानंदानं जाड टॉवेल दुहेरी करून त्याला झूल शिवली. काळ्या कपाटाशेजारच्या प्लगला बांधलेला, कायमचा गोठ्यात. मी कधी कधी त्याच्यावर पत्ते खेळायचो.

आणि कोशा राबला हो! पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. राजश्रीच्या वर्गातल्या पोरांचे पापडासारखे नवे लॅपटॉप एकेक करून दवाखान्यात गेले. कोशा एकदा पडला, एकदा त्याच्यावर शेंगाचटणी सांडली, एका मे महिन्यात तर त्याच्या पाठीवर भाकरी गरम राहिली असती. तो थांबला नाही. मग साहजिकच सोसायटीत माझं नाव झालं. लोक विचारायचे, लॅपटॉप कुठून घेतला, कसा निवडला? मी मामांचं नाव घ्यायचो, नाही असं नाही. पण जरा शेवटी घ्यायचो, आणि तोवर ऐकणारा बहुतेक निघून गेलेला असायचा.

चौथं वर्ष संपत आलं. सोमवारी राजश्रीच्या प्रोजेक्टची शेवटची परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर सगळं कोशावर चालवून दाखवायचं. शनिवारी संध्याकाळी ती देवळात गेली होती आणि शेजारचे जाधव आमच्याकडं आले. त्यांच्या मुलाला लॅपटॉप घ्यायचा होता, बजेट कमी, म्हणाले तुमच्याइतका जाणकार कोण?

आता असं कोणी म्हटल्यावर माणसानं काय करावं? मी कोशाला झुलीतून बाहेर काढला. दात दाखवले. गुडघे दाखवले. जाधव थक्क! मी रंगात आलो. म्हटलं, जाधव, टिकाऊपणा बघायचाय? हे बघा. आणि स्क्रीनचे दोन कोपरे दोन हातांत धरले...

चार वर्षांपूर्वी शोरूममध्ये अर्धवट राहिलेला हिसका मी त्या संध्याकाळी पूर्ण केला.

आवाज 'कुर्र' असा नव्हता. 'काड्' असा होता. स्क्रीनवर काळी शाई सांडल्यासारखं काहीतरी कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पसरत गेलं. जाधव म्हणाले, "मी येतो," आणि खरोखर गेले.

दारात राजश्री उभी होती. हातात प्रसादाची पुडी. तिनं फक्त कोशाकडं बघितलं आणि खाली बसली. चार वर्षं त्या पोरीनं मागितलं होतं एवढंच, की मधेच दगा देणारा नको. लॅपटॉपनं दिला नव्हता. मी जन्मात एवढा लहान झालो नव्हतो. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "ऊटा आयता?"

तिनं मान वर केली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिनं फोन उचलला आणि मंद्रूपला लावला. पाच मिनिटं कानडीत बोलणं झालं. मी मान हलवली नाही.

रविवारी सकाळी मल्लिनाथ स्वतः घरी आला, मामांचा फोन गेला होता. त्यानं कपाटाशेजारून काळ्याला सोडवला, दोघांनाही जमिनीवर शेजारी शेजारी निजवलं, स्क्रू काढले, आणि काळ्याची धडधाकट स्क्रीन कोशाला बसवली. एकाच जातीचे, एकाच बांध्याचे, सूतभरही फरक नाही. अर्ध्या तासात कोशा उभा. सोमवारी परीक्षकांसमोर तो असा चालला, की राजश्री पेढे घेऊनच घरी आली.

पेढे खायला मामाही मंद्रूपहून आले होते. मी भारावून म्हटलं, बघा, त्या दिवशी मी दोन्ही हात घातले म्हणून आज जोडीदार होता! माझी चूकच शेवटी कामाला आली!

राजश्री आणि महानंदा एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. थांबेचनात.

"पप्पा, आता सांगते," राजश्री डोळे पुसत म्हणाली. "आज्जा तेव्हा मल्लिनाथदादाला म्हणाले होते, 'लॅपटॉप चार वर्षं टिकतोय रे, पण हा माणूस त्याला टिकू देणार नाही. दुसरा राहू दे, लागेल.'"

मी मामांकडं बघितलं. ते तंबाखू मळत होते. चार वर्षं या माणसाच्या मोठ्या मनाचं मी गावभर कौतुक करत फिरलो होतो!

"एवढी पारख तुमची," मी चिडून म्हणालो, "मग मुलगी देताना माझी कशी नाही केलीत?"

"तवा तुमचं दात बघायचं राहिलं," मामा शांतपणे म्हणाले. "आन एकदा हात धरल्यावर सोडत न्हाईत, जावईबापू."

मी त्यांच्यापुढं दोन्ही हात जोडले.

मामांनी घाईनं माझा एक हात खाली केला.

"दोन्ही नगा दावू," ते म्हणाले. "जोडी नगं. जावई एकच लई झाला."